नव्याकडून जुन्याकडे

जुन्या वस्तूतील उपयुक्त भाग नव्या वस्तूत उतरवून घ्यावा, हा जगाचा नित्याचा क्रम आहे. परंतु नव्याजवळ असलेले काही जुन्याकडे पोहोचवावयाचे झाल्यास काय करावे लागते, ह्याचा विचार करण्याची वेळ आपणांवर क्वचितच येते. ती वेळ गेल्या पावसाळ्यात मजवर व नववीच्या काही मुलामुलींवर आली. त्यातून जे शिकावयास मिळाले ते येथे सांगण्याचा विचार आहे.

आपल्या प्रयोगशाळेच्या मागील कपाटात एक जुना संगणक पडून होता. त्याचे नाव बीबीसी मायक्रो. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने तो 1981 साली काढला. पुढे भारत सरकारने 1984-85 साली 'क्लास' नावाची योजना आरंभिली व देशातील सुमारे 250 शाळांना प्रथम संगणक दिले, ते ह्याच जातीचे होते. त्याची स्मृती अवघी 32 किलोबाइट. आज तुम्ही मोबाइलवर सहज काढता ते एक छायाचित्रही तीत मावावयाचे नाही. दिवाळीच्या सुट्टीत कपाटे रिकामी करावयाची होती, आणि हा संगणक भंगारात जावयाचा, हे जवळजवळ ठरलेच होते.

ही वार्ता आमच्या निवृत्त गणितशिक्षकांच्या कानी गेली. गुरुजींचे वय आज 84 आहे. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. पाचवीत येऊनही ज्यांची अक्षरओळख कच्ची राहिली होती, अशा मुलांसाठी त्यांनी ह्या यंत्रावर एक प्रोग्रॅम रचला होता. तो ज्या कॅसेटवर होता तीस बुरशी लागून ती निकामी झाली होती. मात्र हाताने लिहिलेली वही त्यांनी जपून ठेविली होती. ती माझ्या हाती देऊन ते म्हणाले, "बाळ, यंत्र जावयाचे तर जाऊ दे. पण जाण्यापूर्वी एकदा हे त्यावर चालताना पाहावे, असे वाटते." त्यांची दृष्टी दिवसेंदिवस मंदावत आहे, हे मला ठाऊक होते. तेव्हा काम लांबणीवर टाकून चालण्यासारखे नव्हते.

यंत्राच्या वीजपुरवठ्यातील जुने कपॅसिटर गावातील एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने बदलून दिले. मुलांनी सबंध वही संगणकदालनातील नव्या संगणकावर टंकित करून फाइल सिद्ध केली. आता ती पलीकडे न्यावयाची कशी? आजचा पेनड्राइव्ह लावावयास जुन्या यंत्रास खाचच नाही. परंतु त्याच्या पाठीमागे पाच टाचण्यांचे एक वाटोळे छिद्र असते; त्यातून एकामागून एक अक्षर आत घेता येते. फाशावरील पाच ठिपक्यांप्रमाणे त्या टाचण्या मांडलेल्या असल्यामुळे प्लग उलटा व सुलटा दोन्ही प्रकारे बसतो. संदेश मात्र एकाच प्रकारे पोहोचतो! नव्या संगणकाच्या यूएसबीला एक रूपांतरक तार लावून तिचे दुसरे टोक ह्या प्लगास जोडले.

मग गतीचा प्रश्न आला. जुन्या यंत्रास 'एफएक्स 7,4' अशी आज्ञा दिली की ते सेकंदास 1200 बिट ह्या वेगाने ऐकू लागते. म्हणजे सुमारे 120 अक्षरे. 'एफएक्स 2,1' म्हटले की तारेतून येणारे प्रत्येक अक्षर कोणी कळफलकावर टंकीत आहे असे मानून ते स्वीकारते. यंत्रास दम लागला, म्हणजे आलेली अक्षरे साठविण्याची जागा भरत आली, की ते तारेतूनच 'थांब' अशी खूण करते. नव्या संगणकाने ती खूण पाळली पाहिजे, नाही तर अक्षरे गळतात. आमच्या फाइलची शेवटची ओळ 'एफएक्स 2,0' ही होती. तिच्यामुळे कळफलक पुन्हा मनुष्याच्या हाती येतो.

सर्वांत मोठी अडचण भाषेची होती. नवा संगणक युनिकोड पद्धतीने 'प' हे अक्षर फाइलमध्ये 224, 164, 170 अशा तीन संख्यांनी लिहितो. जुन्या यंत्रास देवनागरी मुळीच येत नाही. मात्र आठ ओळींत आठ-आठ ठिपके मांडून नवे चिन्ह घडविण्याची सोय त्यात आहे, आणि अशा चिन्हांसाठी 224 पासून 255 पर्यंत 32 जागा राखलेल्या आहेत. एवढ्याशा जागेत आपली वर्णमाला बसवावी कशी? गुरुजींची युक्ती येथे दिसून आली. त्यांनी 224 ह्या जागी काना ठेविला होता: 255, 8, 8, 8, 8, 8, 8, 8. पहिली संख्या म्हणजे शिरोरेषा. पुढील सात म्हणजे खाली उतरणारा दंड. च, त, न, प, म, स ह्या सर्वांच्या अंगी तोच दंड असल्यामुळे त्यांनी प्रत्येकाचा डावा भाग तेवढा निराळा काढिला. 'पान' हा शब्द पाच तुकड्यांत उभा राहतो, आणि त्यांपैकी तीन एकच असतात! दंड गाळला की अर्धे अक्षर आपोआप हाती येते. आपल्या लिपीचा हा स्वभाव वर्गात मी फळ्यावर अनेकदा सांगितला आहे. मुलांना तो खरा पटला तो ह्या संख्यांतून. त्यांनी नव्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम रचून यंदाच्या पाचवीचे शब्द गुरुजींच्या संख्यांत उतरविले व मग पाठविले.

वहीचा एक कोपरा वाळवीने खाल्ला होता आणि त्यात 'ण'च्या आठ संख्या गेल्या होत्या. त्या मुलांनी चौकटीच्या कागदावर नव्याने मांडल्या.

ठरल्या दिवशी गुरुजी आले. ओळीमागून ओळ पडद्यावर उमटू लागली, जणू कोणी अदृश्य हात टंकीत होता. ती थांबताच मी 'रन' टंकिले. मोठमोठी पांढरी अक्षरे उभी राहिली. गुरुजींनी खुर्ची अगदी पडद्याशी ओढली आणि पाचवीतील एका मुलास जवळ घेऊन वाचावयास सांगितले. मुलगा वाचू लागला: "चमचा... पान... मन..." पुढे 'पण' आला तेव्हा गुरुजी थबकले. "माझा ण असा नव्हता," ते म्हणाले, आणि किंचित थांबून, "पण हा अधिक सुबक आहे. असू द्या."

मुख्याध्यापकांनी ते यंत्र तूर्त प्रयोगशाळेतच ठेवावयाचे ठरविले आहे. वीज बंद झाली की ते सर्व काही विसरते, व दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या गतीने, त्याच्या भाषेत, पहिल्या ओळीपासून आरंभ करावा लागतो. मुलांना ह्याचा कंटाळा येतो. ज्यांनी आयुष्यभर पाचवीचा वर्ग घेतला आहे, त्या गुरुजींना मात्र त्यात काही नवल वाटले नाही.