'व'ची किंमत

आमच्या मोऱ्याला सध्या पाच जादूगार राहतात. सगळे कॉलेजात जाणारे. त्यांतले एक आमचे चिरंजीव. रविवारी रात्री ही मंडळी आमच्या ओटीवर जमतात, वीस बाजूंचा एक फासा मध्ये ठेवतात आणि मग घरात राक्षस शिरतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसे व्हायचे, आणि बेत तडीस गेला की फसला ते फाशाने ठरवायचे, असा हा खेळ. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने बाजारात आणला. सौभाग्यवतींच्या मते त्यात चहा फार लागतो.

"बाबा, आम्हांला मराठी जादू करून द्या," चिरंजीवांनी फर्मावले. "शब्दांची."

मराठीच्या प्राध्यापकाजवळ शब्दांखेरीज असते तरी काय? मी कबूल झालो. १९८७ साली निघालेल्या 'आर्स मॅजिका' नावाच्या खेळात पाच लॅटिन क्रियापदे आणि दहा नामे यांची सांगड घालून मंत्र करतात, हे चिरंजीवांनीच सांगितले. मी म्हटले, लॅटिन कशाला? मोऱ्याला रोज दिसतात ती पाच नामे घेतली : पाणी, वारा, आग, गाळ, होडी. धातूही पाचच : ये, जा, धर, सोड, झोप. यांना जोडायला विभक्ती. 'वाऱ्याला धर' म्हटले तर वारा मुठीत, 'वाऱ्याने धर' म्हटले तर राक्षस वाऱ्याच्या मुठीत! वर्गात विभक्तीचा तक्ता काढला की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. इथे रात्री अकरा वाजता द्वितीया की तृतीया यावर हमरीतुमरी चाललेली मी पाहिली आहे.

पण जादू फार स्वस्त झाली तर खेळ दोन मिनिटांत आटोपतो, आणि फार महाग झाली तर तिच्या वाटेला कोणी जात नाही. पहिल्याच रात्री मंडळींतल्या एकुलत्या एका मुलीने 'झोप'ला एक 'व' चिकटवला. "राक्षसाला झोपव!" राक्षस घोरू लागला, आणि चार तासांची मोहीम चहाच्या आधीच संपली. प्रयोजक क्रियापदाचे सामर्थ्य एवढ्या चोख रीतीने मला कुठल्याही व्याकरणाने शिकवले नव्हते.

या 'व'ला किंमत लावणे भाग होते. ती मला पुराणांत सापडली. रंभेला शिळा होण्याचा शाप दिला आणि विश्वामित्राचे तप खर्ची पडले. म्हणजे शाप रोखीने घ्यावा लागे. जुन्या 'डंजन्स'मध्ये एकदा म्हटलेला मंत्र मांत्रिकाच्या डोक्यातून पुसला जाई. ती युक्ती जॅक व्हॅन्स या कथालेखकाची. आमचा कर्ण त्याहूनही कमनशिबी, ऐन गरजेच्या वेळी विसरणारा. आम्ही प्रत्येकाला तपाचे दहा चिंचोके दिले, आणि 'व'साठी निराळा नियम केला : दुसऱ्याला जे करायला लावाल, ते पुढच्या डावात तुम्हीही करायचे. राक्षसाला झोपवलेत, तर तुम्हीही झोपा. तेव्हापासून 'व' फार जपून निघतो.

खरा पेच मात्र उच्चाराचा पडला. इंद्राला मारणारा पुत्र त्वष्ट्याला हवा होता. यज्ञात 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला आणि वृत्र इंद्राच्याच हातून मेला, ही कथा मी चिरंजीवांना सांगितली होती. त्यांनी लगेच नियम काढला : उच्चार चुकला की मंत्र उलटणार. त्या रात्री कोळीवाड्यातला मुलगा म्हणाला, "पानी सोड!"

"बाणातला ण," चिरंजीव म्हणाले. "उलटला."

त्याने वाद घातला नाही. चिंचोके मोजून मध्ये ठेवले आणि तो चपला शोधू लागला. मंडळींत त्याच्याइतकी बहारीची गोष्ट रचणारा दुसरा नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. शुद्धतेचा ठेका माझ्याकडे ना!

मी विचारले, "वाल्या काय जपत होता?"

"मरा, मरा," मुलगी म्हणाली.

"आणि लागू पडले ना?"

दोन्ही कथा आपल्याच. मी दुसरी निवडली, कारण 'पानी' ही 'पाणी'ची चूक नव्हे; ज्या घरात तो वाढला तिथला तो शब्द आहे. त्याच्या आजोबांची 'होरी' 'ड'वाचून जन्मभर समुद्रात चालली. तिला उलटायला आमचे व्याकरण पुरे पडले नाही! चिंचोके परत गेले. चिरंजीव थोडे घुश्शात होते.

पुढच्या रविवारी गोष्टीतले गलबत धक्क्याबाहेर रुतून बसले. आमच्याकडे ओहोटीला गाळापायी भाऊच्या धक्क्याची लाँचसुद्धा खोळंबते, तेव्हा यात कोणाला नवल वाटले नाही. गलबतावर राक्षस, आणि राक्षसाच्या चिमटीत राजपुत्राचा गाल. कोळीवाड्यातल्या मुलाने गलबताला हुकूम केला, "गाल सोड!"

गलबत गाळातून सुटले. पण राक्षसानेही गाल सोडला, असे मुलीचे म्हणणे. हुकूम त्यानेही ऐकला होता. एका मंत्रात दोन कामे झाली, तर चिंचोके एकाचे घ्यायचे की दोघांचे? श्लेषाचा हा दर अजून ठरायचा आहे, आणि चहाचे आधण तिसऱ्यांदा चढले आहे.