कोंबडीला विचारलं का?

मैत्रिणींनो, गाईला घास, मुंग्यांना चिमूटभर साखर, दारच्या कुत्र्याला भाकरतुकडा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून ‘प्राणिकल्याण’ या विषयात कुणी एम. एस्सी. करतंय म्हटलं, की हसूच येतं. दयेला कसली आलीय पदवी?

पण नुसती दया पुरत नाही, बरं का! रूथ हॅरिसन या इंग्रज बाईंनी १९६४ साली एक पुस्तक लिहिलं. जनावरांना यंत्रासारखं वागवणाऱ्या पोल्ट्र्या नि गोठे कसे असतात, ते त्यात होतं. लोक इतके हळहळले, की सरकारनं प्रोफेसर ब्रॅम्बेल यांची समिती नेमली. १९६५च्या अहवालात समिती म्हणाली, जनावराला निदान उठता-बसता, वळता यावं, अंग साफ करता यावं, पाय-पंख ताणता यावेत. शिवाय कोंबड्यांच्या पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्कोनी जाळी नको.

आपल्यालाही पटेल असंच ना? बारीक तार पायांना रुतणारच! पण १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांपुढे निरनिराळ्या जाळ्या ठेवल्या आणि कुठं उभं राहायचं ते त्यांच्यावरच सोपवलं. कोंबड्यांनी पसंत केली नेमकी तीच बारीक जाळी! तिच्यावर पावलाला जास्त ठिकाणी आधार मिळतो. समितीतली माणसं दयाळू होती, विद्वान होती. कोंबडीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

हे असं विचारायचं कसं, ते या अभ्यासात शिकवतात. अंडं घालायची वेळ झाली, की घरट्याशी पोचायला कोंबडी किती जड दार ढकलते, यावरून तिची निकड मोजतात. केंब्रिजला १९८६ साली या विषयाचं प्राध्यापकपद निर्माण झालं. पण स्वस्त अंड्यासाठी तिला पिंजऱ्यात डांबावं का, हे मोजमाप सांगत नाही. तिथं नीतिशास्त्र लागतं, कायदाही लागतो. युरोपीय संघात १९९९च्या कायद्यानं जुने, उघडेबोडके पिंजरे २०१२पासून बंद झाले. आपल्याकडचा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६०चा. त्यासाठी नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत नेटानं पाठपुरावा केला होता.

माझ्या नणंदेच्या मुलीला पशुवैद्यक झाल्यावर हेच शिकायला ब्रिटनला जायचंय. घरचे म्हणतात, खर्च केवढा, वय वाढतंय, पुढं नोकरी कुठली? प्रश्न खोटे नाहीत. पैशांचा हिशेब मांडायलाच हवा. पण मी म्हटलं, “वन्सं, तिच्या भल्याचं सगळं ठरवलंत, तिला विचारलंत का?”

आणि मैत्रिणींनो, आपल्याला तरी कधी कुणी विचारलं होतं? तुमच्या घरी एखादी मुलगी असं काही वेगळं शिकायचं म्हणाली, तर हसू नका. चहा टाका, तिला समोर बसवा नि आधी तिचं पुरतं ऐकून घ्या.