लॉट तीन

नवं टेंडर आलं की आमच्या किचनमध्ये आधी एक आठ आकडी क्रमांक तपासला जातो: ५५५२११००. सरकारला नेमकी कोणती वस्तू किंवा सेवा हवी आहे हे सगळ्यांना एकसारखं कळावं म्हणून युरोपीय संघाने एक सामायिक यादी केली. त्या यादीत हा क्रमांक घरपोच जेवणाचा, म्हणजे 'मील्स ऑन व्हील्स'चा आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडलं, पण यादी त्यांनी ठेवली. 'फाइंड अ टेंडर' या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक घातला की आपल्या हद्दीतल्या म्हाताऱ्या माणसांना गरम जेवण पोचवणारा पुरवठादार कुठली कौन्सिल शोधते आहे ते दिसतं.

मी मिडलँड्समधल्या एका छोट्या सामुदायिक किचनसाठी टेंडरचं लिखाण करते. किचन चालवणाऱ्या बहुतेक बायका गुजराती, काही पंजाबी, मराठी मी एकटी. मुख्य संचालिकेला सगळे मासी म्हणतात. संस्था 'कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी' म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे तिची मालमत्ता समाजाच्या कामासाठीच वापरता येते. इथे येण्याआधी मी साताऱ्यात एका सरकारी ठेकेदाराचं ऑफिस सांभाळायची. निविदा सूचना, बयाणा रक्कम, दोन लिफाफे, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, सुरक्षा अनामत हे सगळं रोजचं होतं. तिथली रीत सरळ होती. तांत्रिक लिफाफ्यात पास व्हायचं, मग ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याला काम.

आमच्या शहरातल्या कौन्सिलने घरपोच जेवणाचं टेंडर काढलं ते नेमकं कायदा बदलल्यानंतर. 'प्रोक्युअरमेंट ॲक्ट २०२३' प्रत्यक्ष लागू झाला २४ फेब्रुवारी २०२५ ला. त्याआधी सुरू झालेली कंत्राटं मात्र संपेपर्यंत २०१५ च्या जुन्या नियमांखालीच चालणार. म्हणजे एकाच खरेदी विभागात एकाच वेळी दोन भाषा. जुन्या कागदांत 'डायनॅमिक पर्चेसिंग सिस्टिम', नव्यात 'डायनॅमिक मार्केट'. जुन्यात 'सिलेक्शन क्वेश्चनेअर', नव्यात 'कंडिशन्स ऑफ पार्टिसिपेशन', म्हणजे सहभागाच्या अटी. 'फ्रेमवर्क', 'कॉल-ऑफ' आणि 'लॉट' दोन्हीकडे. मासींनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, यात जेवणाबद्दल कुठे लिहायचं?

वाट दाखवली ती एका इंग्लिश बाईंनी. त्या कौन्सिलच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेल्या, आठवड्यातून एकदा आमच्याकडे भाजी चिरायला येतात. त्यांनी मला शब्द पाठ करू दिले नाहीत. प्रत्येक शब्द कुठल्या भांडणातून आला ते आधी विचार, म्हणाल्या. मला ते फार पटलं, आणि आज मी नव्या माणसाला याच रीतीने शिकवते.

पहिलं भांडण त्यांनी स्वतः पाहिलेलं. १९८८ च्या स्थानिक शासन कायद्याने कौन्सिलांवर सक्ती आली की कचरा उचलणं, इमारतींची सफाई, शाळा आणि कल्याण सेवांमधलं जेवण ही कामं स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून करून घ्यायची असतील तर आधी खासगी कंपन्यांशी स्पर्धा करून जिंकायची. याला 'कंपल्सरी कॉम्पिटिटिव्ह टेंडरिंग' म्हणत. बोली लावणाऱ्याच्या कामगारांना पगार किती, रजा किती, याचा विचार करायला त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई केली होती. ती 'गैरव्यापारी' बाब ठरत होती. जेवण वाढणाऱ्या बायकांचे तास कापून दर खाली आणले जात होते आणि कागदावर ते विचारायचीही सोय नव्हती, हे बाईंनी फार कळवळून सांगितलं. १९९९ च्या कायद्याने ही सक्ती गेली आणि 'बेस्ट व्हॅल्यू' आलं. २०१२ मध्ये 'सोशल व्हॅल्यू ॲक्ट' आला, आणि सेवा विकत घेताना आपल्या भागाचं सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणाचं भलं कसं होईल याचा विचार करणं अधिकाऱ्यांचं कर्तव्य ठरलं. हे कळल्यावर टेंडरातल्या 'सोशल व्हॅल्यू' या रकान्याकडे मी कधी भरतीची जागा म्हणून पाहिलं नाही. जे विचारायला एके काळी बंदी होती, ते आज लिहून मागतात, त्याला गुण देतात.

गुणांचंही तसंच. जुन्या नियमांत 'मोस्ट इकॉनॉमिकली ॲडव्हांटेजस टेंडर' निवडायचं असे, लघुरूप 'मीट'. नव्या कायद्याने त्यातला 'इकॉनॉमिकली' काढला, राहिलं 'मॅट'. कमीत कमी दरालाच काम द्या असं जुना नियमही म्हणत नव्हता, पण अधिकाऱ्यांच्या मनातून ते जात नव्हतं, म्हणून शब्दच काढला. आमच्या टेंडरात दराला ४० गुण, गुणवत्तेला ५० आणि सोशल व्हॅल्यूला १० होते. दराचे गुण काढायची पद्धत सोपी आहे: सगळ्यांत कमी दर भागिले तुमचा दर, गुणिले ४०. समजा, कुणी एक जेवण ६ पौंडांत देतो आणि आपण ६.४० मध्ये. आपल्याला ३७.५ गुण मिळतात. एका जेवणामागे ४० पेन्स जास्त घेतल्याची किंमत अडीच गुण. हे गणित कळल्यावर मासींचा चेहरा खुलला. डाळ पातळ करून दर खाली आणण्यापेक्षा लिखाणात अडीच गुण जास्त मिळवणं शहाणपणाचं आहे, हे त्यांना आकड्यांतून दिसलं.

त्या ५० गुणांतले बरेच 'मेथड स्टेटमेंट'ला होते. काम कसं करणार ते पायरी पायरीने लिहायचं. आमची बोली लॉट तीनसाठी, म्हणजे त्या कामाच्या तिसऱ्या तुकड्यासाठी होती: दक्षिण आशियाई शाकाहारी जेवण, त्यात जैन जेवणही. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे गरम ठेवलेलं अन्न ६३ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. मग गाडीतल्या पेट्या कुठल्या, तापमान कुठे मोजणार, शेवटच्या घरी पोचेपर्यंत किती वेळ, हे लिहिलं. त्याहून जास्त वेळ गेला ॲलर्जीच्या तक्त्यात. इथल्या कायद्यात १४ ॲलर्जन ठरलेले आहेत आणि आपल्या साध्या फोडणीत त्यातले दोन सहज सापडतात. मोहरी तर यादीत आहेच. दुसरं म्हणजे हिंग. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे वरणातही ग्लूटेन आलं. कोशिंबिरीवर कूट भुरभुरलं की शेंगदाणा, चटणीत तीळ. मासींनी डबे एकेक करून ओट्यावर मांडले, मी प्रत्येकावरचा मजकूर वाचून तक्ता भरला, आणि ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी तांदळाच्या पिठाचा हिंग मागवायचं तिथेच ठरलं. टेंडर मिळो न मिळो, हा तक्ता किचनच्या भिंतीवर कायमचा लागला. मोठ्या कंपनीला आमच्या वरणातला हिंग ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून हे काम वेगळ्या लॉटमध्ये मागणं महत्त्वाचं होतं. काम वाजवीपणे तुकड्यांत देता येईल का याचा विचार खरेदीदाराने आधी केलाच पाहिजे, आणि तसं देत नसेल तर कारण सांगितलं पाहिजे, असं नव्या कायद्याचं १८ वं कलम सांगतं. लॉट नसते तर आम्हाला दरवाजाच नव्हता.

दरवाजा तरीही अर्धा बंदच होता. सहभागाच्या अटींत दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागितले होते, आणि बोलीसोबतच कंत्राटासाठीच्या विम्याचं प्रमाणपत्र. आमच्याएवढ्या कंपनीला इथल्या कायद्याने लेखापरीक्षण करावं लागत नाही. केवळ बोलीसाठी ते करून घ्यायचं आणि न मिळालेल्या कामाचा हप्ता भरायचा, म्हणजे बऱ्याच छोट्या संस्था तिथेच थांबतात. पण कायद्याचं २२ वं कलम नेमकं याच्यासाठी आहे: ज्यांना कंपनी कायद्याने लेखापरीक्षण बंधनकारक नाही त्यांच्याकडे ते मागायचं नाही, आणि कंत्राटाचा विमा काम देण्याआधी उतरवलेला असावा अशी अट घालायची नाही. मी पोर्टलवर 'क्लॅरिफिकेशन क्वेश्चन' टाकला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, कलम लिहिलं आणि अट त्याच्याशी कशी जुळते एवढंच विचारलं. या प्रश्नाची रीत मला फार आवडते. विचारणाऱ्याचं नाव झाकतात आणि उत्तर मात्र सगळ्या बोलीदारांना दिसतं, म्हणजे एकाने विचारलेलं सगळ्यांच्या कामी येतं. काही दिवसांत दोन्ही अटी बदललेला कागद आला. आमच्यासारखीच आणखी कोण कोण वाचली असतील कोण जाणे. साताऱ्यात असताना बोलीपूर्व बैठकीत तोंड उघडलेला ठेकेदार पुढे लक्षात ठेवला जाईल अशी धास्ती सगळ्यांना असायची, म्हणून मला या झाकलेल्या नावाचं मोल जास्त वाटतं.

सगळ्यांत जड शब्द मात्र 'ट्यूपी' होता. काम एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे गेलं तर त्या कामावरची माणसं आपल्या पगारासकट, रजेसकट, आजवरच्या नोकरीच्या वर्षांसकट नव्या मालकाकडे येतात; त्याचे हे नियम. आधी १९८१ मध्ये झाले, आजचे २००६ चे. कागदांसोबत एक तक्ता होता, नावं नसलेला: चालक, आठवड्याचे तास, ताशी पगार, कामाला लागल्याचं साल, पेन्शन. त्या तक्त्यावर आमच्यात सगळ्यांत जास्त वाद झाला. आपल्या बायकांना काम मिळावं म्हणून आपण बोली लावतोय, मग दुसऱ्याचे चालक का घ्यायचे, असं एकीने विचारलं. तिचं चूक नव्हतं. पण त्या ओळींतलं कामाला लागल्याचं साल पाहून मला वाटलं, या माणसांना कुठल्या आजीला दार उघडायला वेळ लागतो ते माहीत असेल, कुठल्या काकांना ऐकू येत नाही ते माहीत असेल. मील्स ऑन व्हील्समध्ये जेवण देणं हे निम्मं काम, दारात उभं राहून माणूस बरा आहे ना हे पाहणं उरलेलं. शेवटी मासींनी त्यांचे पगार दरात धरायला सांगितले. आमचा दर त्यामुळे चढला.

निकाल आला तो 'असेसमेंट समरी' म्हणून: प्रत्येक प्रश्नाला किती गुण आणि का. लॉट तीन आमच्याकडे आला होता. मासी लगेच सही करायला निघाल्या, पण तेव्हा सुरू झाला 'स्टँडस्टिल', कामाचे आठ दिवस. आमच्या प्रकारच्या सेवा 'लाइट टच', म्हणजे सैल नियमांच्या गटात येतात, त्यांना हा थांबा बंधनकारक नाही; कौन्सिलने आपणहून ठेवला होता. यामागचं भांडण ऑस्ट्रियातलं. तिथे महामार्गांवरच्या यंत्रणेचं कंत्राट सरकारने देऊन सहीही केली आणि हरलेल्यांना ते वर्तमानपत्रातून कळलं. सही झाल्यावर दाद मागून काय उपयोग? अल्काटेल नावाच्या कंपनीने तो प्रश्न लावून धरला आणि १९९९ मध्ये युरोपच्या न्यायालयाने निर्णय दिला की निवड आणि सही यांच्यामध्ये हरलेल्याला दाद मागायला वेळ मिळालाच पाहिजे. जुने अधिकारी अजून निकाल कळवणाऱ्या पत्राला 'अल्काटेल लेटर' म्हणतात. जुन्या नियमांत हा थांबा दहा दिवसांचा होता.

त्या मुदतीत आधीच्या पुरवठादाराने गुणांचा खुलासा मागितला. आमच्या किचनमध्ये संताप झाला. मला मात्र त्यांचा तो हक्क योग्य वाटला, आजही वाटतो. २०२० मध्ये महासाथीच्या घाईत मास्क आणि गाऊनची कंत्राटं स्पर्धेविना, थेट दिली गेली. ओळखीच्यांसाठी ठेवलेली 'हाय प्रायॉरिटी लेन' बेकायदा होती असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं. ज्यांना रांगेत उभंच केलं नव्हतं त्यांना खुलासा मागायला जागाच नव्हती. हरलेल्याला उत्तर मिळतं तोवरच जिंकलेल्याच्या सहीला अर्थ आहे. कौन्सिलने खुलासा दिला, मुदत संपली, सही झाली.

तक्त्यातले चालक आता आमच्याकडे आहेत. एकाने पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या वाटेचा क्रम बदलायला लावला, कारण इन्शुलिन घेणाऱ्या एक आजी यादीत शेवटी होत्या. तो बदल आम्ही कंत्राटाच्या मासिक बैठकीत नोंदवून घेतला.

शेजारच्या कौन्सिलची 'प्रिलिमिनरी मार्केट एंगेजमेंट'ची सूचना परवा निघाली आहे. टेंडर लिहिण्याआधी पुरवठादारांना बोलावून काय शक्य आहे ते विचारायची ही पायरी. त्यांच्या मसुद्यात शाकाहारी, हलाल आणि कोशर असं सगळं मिळून एकच लॉट आहे. मासी, मी आणि एका सोमाली किचनची संचालिका मिळून जाणार आहोत. कलम १८ ची प्रत मी तिघींसाठी छापून ठेवली आहे.