शिल्लक राहिलेली रजा

आमचे हे 36 वर्षे सरकारी नोकरीत कारकून होते. 2014 साली निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी कौतुक केले, "यांनी कधी विनाकारण रजा टाकली नाही." टाळ्या पडल्या. मी मात्र मान खाली घालून बसले होते. मला गावाकडच्या सासूबाई आठवत होत्या.

सासूबाई गावी एकट्याच राहत. दरवर्षी त्यांचे पत्र यायचे, "बुद्धपौर्णिमेला लेकरांना घेऊन या, आठ दिवस राहा." हे पत्र वाचून म्हणत, "यंदा नाही जमायचं, पुढल्या वर्षी बघू." 1999 च्या उन्हाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधीसाठी यांनी चार दिवस रजा घेतली. जिवंतपणी आईला जे दिवस दिले नाहीत, ते तिच्या मातीला दिले.

मला राग यायचा. पण कारणही ठाऊक होते. हे नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरून टोमणा आला होता, "राखीव जागेवरची माणसं, ती कशाला काम करतील?" तेव्हापासून यांनी ठरवले, आपल्याकडे कोणी बोट दाखवता कामा नये. अंगात ताप असला तरी डबा घेऊन निघत. साऱ्या समाजाची अब्रू एकट्याच्या डोक्यावर असल्यासारखे वागत. टोमणा मारणारा मात्र दर मे महिन्यात सहकुटुंब गावी जाई. त्याला कोणी आळशी म्हटले नाही.

आता हिशेब पाहा. अर्जित रजा वर्षाला 30 दिवस मिळते. खात्यावर ती 300 दिवसांपर्यंतच साठते आणि निवृत्त होताना तिचे पैसे मिळतात. आम्हालाही दहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम मिळाली. त्यातून घरावर स्लॅब पडला, हे मी नाकारत नाही. पण 300 च्या वरची रजा बुडते. यांचे 300 दिवस कधीच भरले होते. पुढच्या कित्येक वर्षांची रजा ना आईला मिळाली, ना मुलांना, ना पैशाच्या रूपाने घरात आली.

भगिनींनो, पगारी रजा ही कोणाची मेहेरबानी नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1945 साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यातील प्रौढ कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर 10 दिवस पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. ज्यांच्या आजा-पणजाला वेठबिगारीत सुट्टी हा शब्दही ठाऊक नव्हता, त्यांनी हा हक्क कपाटात ठेवून द्यावा काय?

आमचा मुलगा पुण्यात खासगी कंपनीत आहे. परवा फोनवर म्हणाला, "आई, रजा शिल्लक आहे, पण मागायला बरं वाटत नाही." यांनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "बाळा, अर्ज लिही. मी लिहिला नाही, म्हणून सांगतो."

दुखण्याखुपण्यासाठी थोडी रजा जरूर राखून ठेवावी. पण वर्षातून आठ-दहा दिवस घरच्या माणसांसाठी घ्यावेत. आधी कळवावे, काम नीट सोपवावे आणि ताठ मानेने निघावे. तरीही कोणी बोललेच, तर बोलू द्यावे. वाट पाहणारी माणसे पुढल्या वर्षी असतीलच असे नाही.