गाडी कुणाच्या दारी थांबते?

परगावच्या माणसाला गावाची पहिली ओळख टांगेवाल्याकडून होते. निदान आमच्या कोल्हापुरात माझ्या लहानपणी तरी तसेच होते. स्टेशनबाहेर पाहुण्याची वळकटी खाली टेकायच्या आत दोघे-तिघे टांगेवाले ती उचलायला पुढे होत. “कुठं जायचं, पाव्हणं?” या प्रश्नात अर्धे आदरातिथ्य आणि अर्धे भाड्याचे गणित असे.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतली मोठी हॉटेले गिऱ्हाइकाला आणायला स्टेशनवर आपल्या घोडागाड्याच पाठवीत. आमच्याकडे मिरजेहून रेल्वे आली ती १८९१ साली. असली थाटाची हॉटेले त्या वेळी इथे कुठली असायला! पाहुणा उतरायचा सोयऱ्याधायऱ्यांकडे, नाहीतर धर्मशाळेत. टांगा त्याला दारापर्यंत पोचवी. दार उघडायचे की नाही, ते मात्र जात पाहून ठरे.

म्हणूनच कोल्हापूरच्या घोडागाड्यांचा विषय निघाला की मला गंगाराम कांबळे आठवतात. शाहू महाराजांच्या पागेत ते कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्याच नोकरांनी त्यांना बेदम मारले. ज्या हातांची राजाच्या घोड्यांना सेवा चाले, त्याच हातांनी हौदाचे पाणी म्हणे बाटले!

महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना मदत देऊन हॉटेल काढायला लावले. भाऊसिंगजी रोडवर, भर वस्तीत हॉटेल निघाले. चहा उकळू लागला; पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला पांढरपेशे गिऱ्हाईक काही फिरकेना.

मग महाराजांची गाडी नेमकी त्या दारात थांबू लागली. महाराज चहा मागवीत, स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. खुद्द राजाने कप तोंडाला लावल्यावर “मला नको” म्हणायची छाती कुणाची? आणि रस्त्यावरून जाणारे-येणारे सारे पाहत असत.

१९१९ साली महाराजांनी धर्मशाळा, पाणवठे, सरकारी इमारती अशा सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळू नये, असा हुकूम काढला. हुकूम मोठाच होता. पण हुकूम वाचणारे थोडे आणि राजाची गाडी ओळखणारे सारे गाव! कागदावरचा शब्द लोकांच्या गळी उतरायला कपभर चहा लागतो, हे महाराजांना पक्के ठाऊक असावे.

परदेशातल्या हॉटेलची गाडी एकेका गिऱ्हाइकाला घेऊन येई. इथे एका गिऱ्हाइकाच्या गाडीने अख्ख्या गावाला एका हॉटेलची वाट दाखवली. आपण काही राजे नव्हे. पण कुणाच्या दारी थांबायचे आणि कुणाच्या हातचा चहा घ्यायचा, हे तर आपल्या हाती असते! यंदाच्या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन निघताना आपली पावले कुठल्या दारांवरून न थांबता पुढे जातात, तेवढे पाहायला काय हरकत आहे?