भिंतीवरचं सांबर

रविवार. पावसाळा सरला, म्हणून आज दिवाणखान्यातलं सांबराचं मुंडकं खाली उतरवलं. आजोबांच्या शिकारीचं. मला ते कधीच आवडलं नाही, पण टाकवतही नाही.

आधी मास्क आणि हातमोजे. जुन्या काळी कातड्याला कसर लागू नये म्हणून आतून आर्सेनिकचा साबण चोळत. ते विष आजही केसांत असू शकतं. त्यामुळे झटकणं नाही, फुंकणं तर नाहीच. मऊ ब्रश, तोही केसांच्या दिशेनं. काचेच्या डोळ्यांना किंचित ओलसर कापूस. कानांमागे मात्र बराच वेळ रेंगाळलो, कारण कसरीच्या अळ्या अशाच आडोशाला केस कुरतडत बसतात. कातड्याला पाणी लागू द्यायचं नाही, बुरशी धरते. उन्हातही ठेवायचं नाही. रंग विटतो, कातडं तडकतं.

शिंगं पुसताना चीड आली. सांबराची शिंगं साधारण दरवर्षी गळतात, नवी येतात. जंगलात पडलेली उचलता आली असती की!

तुमच्या घरी असं काही असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खालचं मालकीचं प्रमाणपत्र आहे का, ते आधी बघा. आणि विकायला काढू नका. तो गुन्हा आहे.