लेकीच्या घरचा बंब

लेकीच्या बाळंतपणासाठी मी २०२२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडला गेले. लेस्टर नावाचं शहर. गुजराती दुकानं इतकी की ओवा, शेपू, बाळंतशोपा सगळं पायी जाऊन आणता यायचं. माझ्या सामानात डिंकाचे लाडू होते, जुन्या मऊ साड्यांची दुपटी होती. नव्हती ती फक्त शेगडी! बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा, धुरी द्यायची, तर निखारे हवेत ना? पण लेक म्हणाली, ''आई, शेगडीचं नाव काढू नकोस. इथे जरा धूर झाला तरी छतावरचा अलार्म बोंबलतो, आणि बंद खोलीत कोळसे म्हणजे विषच.'' मला मनातून राग आला. म्हटलं, चार बुकं शिकली म्हणजे आईला शिकवायला लागली. हिला स्वतःला शेगडीच्याच शेकावर मोठं केलंय मी!

तर तिकडे ऊब मिळते ती बॉयलरची. स्वयंपाकघरात सिंकच्या वर एक पांढरं कपाट होतं, मला वाटलं डबे ठेवायचं असेल. उघडलं तर आत हा पेटारा. गॅसवर पाणी तापवतो. नळ सोडला की गरम पाणी येतं, आणि तेच यंत्र प्रत्येक खोलीतल्या लोखंडी पत्र्यांतून ऊन पाणी फिरवत ठेवतं. त्या पत्र्यांना रेडिएटर म्हणतात. मी त्याचं नाव 'बंब' ठेवून दिलं. आमच्या नाशिकच्या घरी सासूबाईंचा तांब्याचा बंब मागच्या पडवीत असायचा. पहाटे गोवऱ्या, सालपटं, नारळाच्या शेंड्या घालून पेटवायचा आणि धुराने डोळे चुरचुरले की पदराने पुसत आत यायचं. लेकीचा बंब मात्र बिनधुराचा, बिनराखेचा. बटण दाबलं की झालं.

हे कौतुक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकलं. त्या आठवड्यात तिकडे कडाक्याची थंडी पडली, पारा शून्याच्याही खाली. एका पहाटे चिमणीला पाजायला म्हणून लेक उठली तर घर गारठलेलं. चिमणी तेव्हा तीन आठवड्यांची. रेडिएटरला हात लावला तर बर्फ! स्वयंपाकघरात गेले तर बंब कुणी हुक्का ओढावा तसा गुडगुडत होता, आणि त्याच्या छोट्या खिडकीत आकडे लुकलुकत होते.

जावई घाबरले नाहीत, हे मात्र मानलं. ड्रॉवरमधून पुस्तिका काढली, त्या आकड्यांचा अर्थ पाहिला आणि मला समजावून सांगितलं. आपण पातेल्यावर झाकण ठेवतो, झाकणाला वाफ लागून पाणी ठिबकतं ना, तसंच. या नव्या बॉयलरमध्ये गॅस जळून जी ऊन हवा बाहेर जायची, तिच्यातली ऊबही काढून घेतात. मग ती हवा थंड होऊन पाणी सुटतं आणि ते एका प्लॅस्टिकच्या नळीने घराबाहेर जातं. बाहेर ती नळीच गोठली होती. पाणी तुंबलं, म्हणून यंत्राने आपणहून स्वतःला बंद करून घेतलं. बिघाड असा काही नव्हताच. उलट शहाणपणाच केला होता त्याने.

जावई उकळती किटली घेऊन निघाले, तेवढ्यात पुस्तिका वाचणारी लेक ओरडली, ''उकळतं नको, नळी तडकेल!'' मग माझं राज्य आलं. पाणी किती ऊन हवं ते मला विचारा! चिमणीच्या अंघोळीला कोपर बुडवून बघते त्याहून थोडं कढत करून दिलं. साडीवर जावयांचं जाकीट चढवून मी बत्ती धरून उभी राहिले आणि त्यांनी तीन तपेल्या त्या नळीवर ओतल्या. आत येऊन बटण दाबलं. भस्सकन आवाज झाला आणि अर्ध्या तासात रेडिएटर कोमट झाले. आम्ही तिघांनी तेव्हा प्यायलेल्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

पण बंबाची खोड इथे संपली नाही. दोन दिवसांनी पुन्हा घर गार. या वेळी काटा खाली गेला होता. बॉयलरला घड्याळासारखी एक तबकडी असते, आतल्या पाण्याचा दाब दाखवणारी. यंत्र थंड असताना काटा १ ते १.५ च्या मध्ये असावा. त्यांचा पार तळाला टेकला होता. खाली जाळीदार वेष्टनाची एक आखूड नळी आणि दोन छोट्या चाव्या असतात. त्या हळूहळू सोडायच्या, सरसर पाणी भरतं, काटा जागेवर आला की दोन्ही घट्ट बंद करायच्या. हेही पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं. जावयांनी केलं, झालं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा काटा खाली. पुन्हा भरलं. पाचव्या दिवशी पुन्हा! जावयांना आता त्याची गंमत वाटायला लागली होती. मी मात्र म्हटलं, ''अहो, एकदा भरलं ते ठीक. पण माठ रोज रिकामा व्हायला लागला की आपण नुसता भरत बसत नाही, खाली हात लावून बघतो. पाणी जातंय कुठे?'' त्यावर ते म्हणाले, ''थांबा, आज बॉयलरचं झाकण उघडून बघतो. मोबाईलवर व्हिडिओ आहेत.''

इथे लेक अशी काही आडवी आली की बाळंतीण आहे हे विसरूनच गेले मी. झाकणाला हात लावायचा नाही म्हणजे नाही! नळीवर पाणी ओतणं, काटा बघणं, पुस्तिकेत सांगितलेलं बटण दाबणं, हे आपलं काम. झाकणाच्या आत गॅस आणि ज्वाळा. तिथे कायद्यानेसुद्धा नोंदणी झालेल्या माणसानेच हात घालायचा. आणि गॅसचा वास आला तर तेवढंही करत बसायचं नाही. दिव्याचं बटण नाही, काडी नाही. दारं-खिडक्या उघडायच्या, मीटरजवळची मूठ फिरवून गॅस तोडायचा, बाळाला उचलून बाहेर पडायचं आणि मग फोन. तो ०८०० १११ ९९९ नंबर तिने फ्रिजवर चिकटवूनच ठेवला होता, पूर्वी आपण दुधाचा हिशेब चिकटवायचो तसा.

शेवटी घरमालकाला कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनियर पाठवला. बॉयलर दुरुस्त करणाऱ्याला तिकडे इंजिनियर म्हणतात हो! आपल्याकडे मुलगा इंजिनियर झाला की पेढे वाटतात, आणि हा तर गुडघ्यांना गाद्या बांधून, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, हातोड्या-पान्यांची पेटी घेऊन दारात उभा. मी पाणी आणायला वळले, तर लेकीने त्याला दारातच कार्ड मागितलं. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. पण त्याने हसत काढून दाखवलं. गॅस सेफ रजिस्टरचं कार्ड. २००९ पासून तिकडे हीच नोंदणी चालते. पुढे फोटो, आणि मागे या माणसाला कुठकुठलं काम येतं त्याची यादी. चुलीचं काम येणारा बॉयलरचं करील असं नाही, म्हणून मागची बाजूही वाचायची.

पाण्याचा चोर त्याने वीस मिनिटांत पकडला. धाकट्या खोलीतल्या रेडिएटरच्या चावीतून थेंब थेंब गळत होतं आणि खालचा गालिचा ओला झाला होता. तो ओलावा मी इतके दिवस चिमणीच्या नावावर खपवला होता! झाकण उघडून जावयांना काय सापडणार होतं, कपाळ? बिघाड झाकणाच्या आत नव्हताच मुळी.

मग त्याने स्वतः झाकण उघडलं, धूर बाहेर नेणाऱ्या नळाजवळ कसलंसं यंत्र धरून आकडे पाहिले, भिंतीवरच्या पांढऱ्या डबीचं बटण दाबून ती किंचाळते ना ते बघितलं. ही डबी त्या विषारी गॅसची खबर देणारी. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात, जिथे बॉयलर आहे त्या खोलीत, ती लावणं घरमालकाला सक्तीचं झालं होतं. दर वर्षी गॅसची तपासणी करून देणंही त्याच्याच माथी.

जाता जाता त्याने लेकीला काहीतरी विचारलं. तिने मला सांगितलं, ''आई, तो विचारतोय की घरात कुणाचं डोकं दुखतं का, मळमळतं का, गरगरतं का? आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतं, असं होतं का?''

मी मान हलवून नाही म्हटलं. आणि हातातली कपबशी तशीच धरून उभी राहिले.

कारण हे माझंच दुखणं होतं. इथलं नव्हे, नाशिकचं. दोन हिवाळे माझं डोकं सकाळी ठणकत होतं. न्हाऊन आले की मळमळायचं, पाय लटपटायचे. मी पित्त म्हणायचे, ''हे'' वय म्हणायचे. सुंठ-साखर झाली, गोळ्या झाल्या. इंग्लंडात आल्यापासून महिनाभर एकदाही डोकं दुखलं नव्हतं, आणि मी समजत होते की मोकळ्या हवेने आणि नातीच्या पायगुणाने पित्त पळालं!

आमच्या न्हाणीघरात दाराच्या वर गॅसचा गीझर आहे. विजेचं बिल वाचावं म्हणून घेतला. आणि नाशिकची थंडी झोंबते म्हणून वरच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकला होता, तो कुणी? मी. माझ्या हाताने. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, चारी बाजूंनी चिकटपट्टी.

लेकीने त्या इंजिनियरला हे सांगितलं. त्याचा चेहराच बदलला. तो म्हणाला, ''घरी आत्ता कोण आहे?''

त्याने जे सांगितलं ते सोपं आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. गॅस नीट जळायला हवा लागते. कोंडलेल्या न्हाणीघरात गीझर तिथली हवा खात जातो आणि ती कमी पडली की अर्धवट जळायला लागतो. मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास असतो तो मुद्दाम घातलेला, गळती कळावी म्हणून. हा विषारी वायू जळण्यातूनच तयार होतो, त्याचा वास येणार कसा? रक्तात प्राणवायूची जागा हा बळकावतो, आणि माणसाला समजण्याआधीच हातपाय गळतात. दाराची कडी काढण्याएवढं त्राण राहत नाही. ज्योत निळी नसून पिवळी, लवलवती दिसली, जवळ काजळी धरली, तर ती खूण. पण ज्योत निळी आहे म्हणून दार लावून निर्धास्त बसावं असंही नाही.

तिकडे सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे नाशिकला दुपारचे साडेतीन. फोन लावला. ''हे'' झोपेतून उठून चिडले. ''तिकडे बसून माझी अंघोळ कशाला बंद करतेस? कडकडीत पाणी येतंय.'' मी म्हटलं, ''उद्यापासून पातेल्यात तापवून घ्या, पण गीझर पेटवायचा नाही. आणि आधी तो पुठ्ठा काढा.'' थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग हळूच म्हणाले, ''परवा अंघोळ करून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती खरी. मोरीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. म्हटलं एकादशीचा उपास बाधला असेल.''

माझ्या पोटात जो गोळा आला तो त्यांनी संध्याकाळी पुठ्ठा काढल्याचा फोटो पाठवेपर्यंत विरघळला नाही. त्या रात्री मी लेकीला म्हटलं, ''तुझ्या शेगडीचं आता मी नाव काढणार नाही.'' ती हसली, मग रडली. बाळंतिणीने रडू नये म्हणतात, पण मी तिला थांबवलं नाही.

फेब्रुवारीत परत आल्यावर पहिलं काम तेच केलं. गीझरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याचा सल्ला असा की, ''ताई, झरोक्यात पंखा बसवतो, काही होत नाही.'' मी बधले नाही. म्हटलं, पंखा लावायला एक दिवस विसरलं तर? वीज गेली तर? गीझर बाहेर न्यायचा, आत फक्त पाण्याचा नळ येईल. भिंत फोडावी लागेल म्हणाला. म्हटलं, फोड. जुनी रबरी नळी बदलून घेतली, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते त्याच्यासमोर पाहिलं. त्याच्याकडे कार्ड मागितलं नाही, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचाच माणूस आहे ना, ते फोन करून आधी विचारलं होतं. त्याला ते फारसं आवडलं नाही. डॉक्टरांनाही जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, ''हे आधी का नाही सांगितलंत?'' आता गीझरचं डॉक्टरांना सांगावं असं कुणाच्या मनात येतं का, तुम्हीच सांगा!

पडवीत छपराखाली जागा शोधताना मिस्त्री म्हणाला, ''इथे कोपऱ्यात बसवू या का? भिंत काळी आहे, पण जागा हवेशीर आहे.'' पाहिलं तर ती सासूबाईंच्या बंबाची जागा. चुना चार वेळा मारला तरी तिथला काळा डाग काही गेला नव्हता. मी म्हटलं, ''तिथेच बसव.''